आळीतला दुसरा रमजान

मागच्या आठवड्यात इफ्तारनंतर मशिदीच्या पायरीवर बसलो होतो. मगरिब झाली होती, चहा यायचा होता. आमच्या गल्लीतला एक मुलगा शेजारी येऊन बसला. कॉलेजात शिकतो, हुशार आहे, रोजे नेमाने धरतो. बोलता बोलता अलिबागच्या इस्रायल आळीचा विषय निघाला. त्याने विचारलं, "चाचा, ते लोक अजून तिथे राहतात? ते तर आपले दुश्मन ना?"

मी त्याला रागावलो नाही. त्याचं वय मोबाइलवर गाझाची चित्रं बघत गेलेलं. ती बघून ज्याला घास कडू लागत नाही, त्याच्या रोजाबद्दलच मला शंका वाटेल. पण त्याच्या वाक्यातल्या "ते" या शब्दावर मी अडखळलो. इस्रायल आळीत राहणारा, मराठीत भांडणारा, वालाचं बिरडं खाणारा माणूस आणि तेल अवीवमध्ये निर्णय घेणारा माणूस हे दोघे एका शब्दात कसे बसले? मग मी त्यालाच उलट विचारलं, "तुला माहीत आहे का, या आळीतल्या लोकांचाही एक रमजान असायचा? नावसुद्धा रमजानच."

त्याचा विश्वास बसला नाही. पण ही गोष्ट छापील आहे. किहीमचे हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा, म्हणजे बेने इस्रायलांचा, इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला. तो छापला गेला पुढे १९३७ मध्ये. बेने इस्रायलांचे जुने सण, त्यांची जुनी नावं अशा लेखनातून आपल्यापर्यंत आली आहेत. यहुदी वर्षातला एलूल नावाचा महिना साधारण श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास येतो. नव्या वर्षाआधीचा हा महिना तौबेचा, पहाटे उठून माफी मागण्याचा. कोकणातल्या बेने इस्रायलांत या महिनाभर रोजे धरायची चाल होती आणि त्या रोजांना त्यांनी नाव दिलं होतं रमजान. शेजारच्या मुसलमान घरात महिनाभराच्या उपवासाला जे म्हणत, तेच त्यांनी आपल्या उपवासाला म्हटलं. बाकीची नावंही अशीच आसपासची. नवीन वर्षाला नव्याचा सण. मांडवाच्या सणाला खिरीचा सण. पुरीमला होळीचा सण, कारण तो होळीच्या आगेमागे येतो. यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्या शोकाच्या दिवसाला बिरड्याचा सण, कारण जेवणात वालाचं बिरडं. एलियाहू हनाबीच्या दिवसाला चक्क उरूस. दर्ग्याचा असतो तोच शब्द.

या समाजाची मूळकथा रायगडच्या लोकांना ऐकून माहीत असते. फार पूर्वी, किती शतकांपूर्वी याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, एक जहाज चौल बंदराच्या अलीकडे नवगावजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच मूठमाती दिली. ती जागा आजही त्यांचे लोक पवित्र मानतात. वाचलेले गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू विसरली. पण शनिवारची सुट्टी, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे नियम, काही उपवास आणि "शमा" ही एकेश्वराची प्रार्थना एवढं राहिलं. गावावरून आडनावं आली: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर. यातली काही आडनावं हिंदूंत सापडतील, काही आमच्या कोकणी मुसलमानांतही. तेव्हा नुसत्या दिवेकर या पाटीवरून आत नमाज होते, पूजा होते की शब्बाथची मेणबत्ती लागते, हे कळायचं नाही.

धर्माच्या शब्दांचंही तेच. त्यांच्यात लग्न-तंटे सोडवणाऱ्या प्रमुखाला काजी म्हणत. सिनेगॉगला मशीद म्हणत. मुंबईत लोकलने सीएसएमटी सोडलं की मस्जिद स्टेशन लागतं. आमच्यातल्या बहुतेकांची समजूत, हे नाव आमच्या एखाद्या मशिदीवरून पडलं असेल. पण तिथून जवळच सॅम्युएल स्ट्रीट आहे आणि त्या रस्त्यावर शार हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार, हे बेने इस्रायलांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग आहे. ते १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत आणि स्टेशनला नाव त्यावरूनच पडलं, असं सांगितलं जातं.

या दिवेकरांची एक कथा बेने इस्रायल घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इंग्रजांच्या फौजेत असताना ते टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. जात विचारली, तेव्हा "बेने इस्रायल" म्हणाले. टिपूच्या आईच्या कानावर हे गेलं आणि ती म्हणाली, कुरआनात ज्यांचं नाव येतं त्यांच्यापैकी माणूस मी प्रथमच पाहते आहे, याला मारू नका. सुटल्यावर नवस फेडायचा म्हणून दिवेकरांनी सिनेगॉग बांधलं. कथेतलं किती घडलं आणि किती नंतर जोडलं गेलं याची खात्री देता येत नाही. पण आमच्या बाजूने एक गोष्ट पक्की आहे. कुरआनच्या सतराव्या सूरहला सूरह इस्रा म्हणतात, तिचंच दुसरं नाव बनी इस्राईल. ती तरावीहमध्ये कानावर पडते, आणि ती ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना हे माहीत नसतं की त्याच नावाचे लोक आपल्याच जिल्ह्यात आपल्याच भाषेत बोलत शतकानुशतकं राहिले.

आता उपवासाकडे येतो, कारण त्या मुलाला मुख्य कुतूहल त्याचंच होतं. रमजानचे रोजे हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी फर्ज झाले. ज्या आयतीत हा हुकूम आहे तिच्यातच सांगितलं आहे की तुमच्या आधीच्या लोकांवरही उपवास असाच लिहून दिला होता. आधीचे लोक म्हणजे कोण, हे मदिनेत डोळ्यांसमोर होतं. हदीसमध्ये येतं की पैगंबर हजरत मुहम्मद (स.) मदिनेला आले तेव्हा तिथले यहुदी आशुराचा रोजा धरत होते. चौकशी केल्यावर ते म्हणाले, या दिवशी हजरत मूसा आणि त्यांच्या कौमची फिरऔनच्या हातून सुटका झाली. पैगंबरांचं उत्तर असं की मूसांवर आमचा हक्क तुमच्याहून जवळचा आहे, आणि त्यांनी स्वतः तो रोजा धरला, लोकांनाही धरायला सांगितलं. रमजान आल्यावर आशुराचा रोजा ऐच्छिक झाला. मुहर्रमच्या नवव्या-दहाव्याला आजही धरणारे धरतात. सुरुवातीला नमाजही यरुशलेमकडे तोंड करून होत असे. हिजरतीनंतर साधारण सोळा-सतरा महिन्यांनी किब्ला काबाकडे वळला. कोकणात तर दोघांची तोंडं अजूनही मावळतीकडेच, समुद्राकडे.

यहुद्यांचा सर्वांत मोठा उपवास म्हणजे योम किप्पूर, तिश्री महिन्याचा दहावा दिवस. आपल्या पंचांगात तो भाद्रपद-आश्विनात कुठेतरी बसतो. आदल्या दिवशी सूर्यास्ताआधी जेवायचं आणि मग दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत, साधारण पंचवीस तास, अन्न नाही, पाणी नाही. सहरी नाही. अंघोळ नाही, चामड्याची चप्पल नाही. पांढरे कपडे घालून दिवसभर प्रार्थना. कोकणात या दिवसाला दारफळणीचा सण म्हणत. दारं लावून घ्यायची आणि बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारं उघडायची, गरिबांना दान द्यायचं, एकमेकांकडे जायचं. ईदगाहला जाण्याआधी फित्रा देऊन मोकळे होणाऱ्या आम्हाला हे सांगून समजवावं लागत नाही.

त्या उपवासातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. योम किप्पूरला माणूस खुदाकडे माफी मागतो, पण ती फक्त खुदाशी केलेल्या कसुरांची. दुसऱ्या माणसाचं जे नुकसान केलं, मन दुखावलं, पैसे बुडवले, त्याची माफी त्या माणसाकडे जाऊन मागावी लागते. तो राजी झाल्याशिवाय वरून काही मिळत नाही, असा यहुदी धर्मशास्त्राचा जुना दंडक आहे. आमच्याकडे यालाच हुकूकुल इबाद म्हणतात, बंद्यांचे हक्क. मौलाना दर रमजानला मिंबरवरून सांगतात. ऐकून घरी आल्यावर भावाशी बंद असलेलं बोलणं किती जण सुरू करतात, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे आणि उत्तर फारसं बरं आलेलं नाही.

दिनदर्शिकेचं गणित वाचकांपैकी हिंदू मित्रांना जास्त ओळखीचं वाटेल. आमचं वर्ष निव्वळ चंद्राचं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. यहुद्यांचे महिने चंद्राचेच, पण वल्हांडण वसंतातच यायला हवा असा हुकूम असल्याने ते एकोणीस वर्षांत सात वेळा एक जादा महिना घालतात. आपल्या पंचांगातला अधिक मास आणि हा एकाच बेरजेचे दोन वारस. दिवस मात्र त्यांचा आणि आमचा एकाच वेळी सुरू होतो, सूर्यास्ताला. म्हणूनच त्यांचा शनिवार शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागणीला चालू होतो.

खाण्याच्या नियमांत सारखेपणा आहे आणि फरकही आहेत. ते नीट माहीत असलेले बरे, कारण गडबड इथेच होते. डुक्कर दोघांनाही वर्ज्य, रक्त वर्ज्य, जनावर ठरल्या रीतीने कापायचं. पण उंट आणि ससा आम्हाला चालतो, त्यांना नाही. कोळंबी, खेकडे, शिंपल्या आमच्या कोकणी घरांत आवडीने शिजतात. त्यांना फक्त पर आणि खवले असलेला मासा चालतो. सुरमई, पापलेट चालतं. बेने इस्रायलांत सांगतात, डेव्हिड राहाबी नावाचा एक जाणकार कोकणात आला, तेव्हा हे लोक खरेच यहुदी आहेत का हे बघायला त्याने बायकांसमोर मिश्र मासळी ठेवली. त्यांनी खवल्यांची तेवढी निवडली आणि त्याची खात्री पटली. दुसरा मोठा नियम म्हणजे मांस आणि दूध एकत्र नाही. म्हणून त्यांच्या मटणाच्या रश्श्यात दही पडत नाही, नारळाचं दूध पडतं. कोकणात राहून या नियमाचा त्रास तो काय होणार! नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, तोही नारळाच्या दुधात. शब्बाथच्या प्रार्थनेला द्राक्षारस लागतो; बेने इस्रायल घरांत काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत करतात आणि त्यावरच आशीर्वाद म्हणतात. कुरआनात सूरह माइदामध्ये किताबवाल्यांचं अन्न आम्हाला हलाल म्हटलं आहे. उलट बाजूने मात्र आमचं हलाल मटण त्यांच्या नियमात आपोआप बसत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नये.

आणि मलिदा. हा शब्द काढला की मुसलमान वाचकाच्या डोळ्यांसमोर दर्गा येतो, चपाती कुस्करून तूप-गूळ घालून केलेला. बेने इस्रायलांचा मलिदा पोह्यांचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, भोवती फळं. नवस फिटला, लग्न ठरलं, नव्या घरात गेलं की मलिदा करतात आणि एलियाहू हनाबीचं नाव घेतात. आपले हजरत इलियास (अलै.) हेच. अलिबागजवळ खंडाळ्याच्या बाजूला एक खडक आहे. एलियाहूच्या रथाची खूण तिथे उमटली, असं ते मानतात आणि नवसाला जातात. पोहे, खोबरं आणि नवस म्हटल्यावर हिंदू शेजारणीला यात परकं काय वाटणार?

इथवर सगळं गोड झालं. पण त्या मुलाने पुढे जे विचारलं ते टाळून चालणार नाही. "चाचा, पण मदिनेत यहुद्यांशी लढाया झाल्या ना?" झाल्या. करार झाले, मोडले, लढाया झाल्या, सीरतच्या पुस्तकांत आहे, लपवायचं कारण नाही. पण त्याच सीरतमध्ये हेही आहे की एक जनाजा समोरून जाताना पैगंबर उठून उभे राहिले. कोणी म्हणालं, तो यहुदी होता. त्यांनी विचारलं, तो जीव नव्हता का? हेही आहे की त्यांचं देहावसान झालं तेव्हा त्यांचं चिलखत एका यहुद्याकडे जवाच्या बदल्यात गहाण होतं. म्हणजे अखेरपर्यंत शेजार होता, देणंघेणं होतं. उम्मुल मोमिनीन हजरत सफिया (रजि.) या जन्माने यहुदी घरातल्या. ज्याला फक्त लढाईचं पान वाचायचं आहे त्याला तेच सापडेल. पण मग त्याने पूर्ण पुस्तक वाचलं असं म्हणू नये.

गाझाबद्दल बोलायचं तर मी स्पष्ट बोलतो. तिथे मेलेल्या लेकरांसाठी आमच्या मशिदीत दुआ होते, होत राहील, आणि त्याबद्दल कोणाची परवानगी मागायची गरज नाही. एखाद्या सरकारच्या कृत्याला जुलूम म्हणणं वेगळं आणि त्या सरकारशी धर्माने जोडल्या जाणाऱ्या शेजाऱ्याकडे हिशेब मागणं वेगळं. हा फरक आम्हा मुसलमानांना तर कोणी शिकवायलाच नको. भारत-पाकिस्तान सामना असला की आमच्याकडे कसं बघितलं जातं, कुठे बॉम्ब फुटला की दुसऱ्या दिवशी ऑफिसात आम्ही आधी निषेध करायचा अशी कशी अपेक्षा असते, हे आम्ही अंगावर घेतलं आहे. मला स्वतःला एका ठिकाणी भाड्याचं घर दाखवता दाखवता नाव ऐकून कुलूप पुन्हा लावलं होतं. ज्या तराजूत आम्हाला तोललं तो खोटा, असं म्हणायचं आणि संधी मिळताच त्याच तराजूत दुसऱ्याला घालायचं, हे रोजा ठेवलेल्या तोंडाला शोभत नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाउसमध्ये यहुदी पाहुणे मारले गेले. त्यानंतर मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बड्या कबरस्तानात जागा द्यायला तिथल्या मुस्लिम ट्रस्टने नकार दिला होता. तेव्हा आम्हाला कोणी सांगावं लागलं नव्हतं.

शेजार टिकवण्याची कामं कुठे कुठे न बोलता चालू आहेत. कोलकात्याच्या सिनेगॉगची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान माणसं करत आली. मुंबईत भायखळ्याला सर जेकब ससून यांच्या नावाची शाळा यहुद्यांनी आपल्या मुलांसाठी काढली. आज तिच्या वर्गांत बहुतेक मुलं मुसलमानांची आहेत. पुण्यात लाल देवळाबाहेर १८६७ पासूनचा तो लाल मनोरा बघून मोठं झालेल्या किती तरी लोकांना ते देऊळ यहुद्यांचं आहे हे उशिरा कळतं. मधल्या काळात पोलिसांचा पहारा आणि ओळखपत्राची मागणी आली, तीही समजण्यासारखी.

खरी अडचण माणसांची आहे. इस्रायल राष्ट्र झाल्यावर इथले बेने इस्रायल तिकडे जाऊ लागले. विसेक हजारांचा समाज होता. आज सगळ्या भारतात मिळून यहुदी पाच हजारांहून कमी भरतील. तिकडे गेल्यावरही त्यांना सुखाने घेतलं गेलं असं नाही. लग्नाच्या वेळी तुम्ही पूर्ण यहुदी का, असं तिथल्या धर्मपीठाने विचारलं, तेव्हा त्यांनी धरणं धरलं, उपोषणं केली आणि १९६४ साली संसदेकडून आपलं म्हणणं मान्य करून घेतलं. धरणं आणि उपोषण हे हत्यार ते इथूनच घेऊन गेले होते. तिकडे मायबोली नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी चालवलं. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये इथल्या यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, पण तोवर आळ्या रिकाम्या झाल्या होत्या. अलिबागचं मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ चं, आताची इमारत १९१० ची. पूर्ण सामुदायिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणच्या छोट्या गावात शनिवारी दहा माणसं जमवणं म्हणजे काय, हे शाफई मुसलमानांना चटकन कळेल. आमच्यात जुम्म्याला चाळीस लागतात. आखातात आणि मुंबईत गावं रिकामी होत गेली, तेव्हा आमच्याही काही वाड्यांत शुक्रवारी डोकी मोजायची वेळ आलेली आहे.

हे सगळं मी त्या मुलाला एका चहात सांगितलं नाही. अर्धं त्या दिवशी सांगितलं, अर्धं दुसऱ्या दिवशी तरावीहनंतर. त्याने शेवटी फार व्यवहाराचा प्रश्न विचारला. त्याच्या वडिलांचे जुने स्नेही त्या आळीत राहतात. पूर्वी ईदला त्यांच्याकडे डबा जायचा, मधे बंद पडला. "चाचा, त्यांना शिरखुर्मा चालेल?"

मी म्हणालो, दूध आहे, त्यामुळे ज्या जेवणात मटण असेल त्याबरोबर चालणार नाही, आणि मटण खाल्ल्यानंतरही काही तास नाही. कोणी कडक पाळत असतील तर आपल्या भांड्यात शिजलेलंही घेणार नाहीत. आधी फोन करून विचार. बिर्याणी पाठवू नकोस. खजूर, सुका मेवा, फळं कधीही चालतात. आणि ईद शनिवारी आली, तर त्या दिवशी फोन करू नकोस, संध्याकाळी अंधार पडल्यावर स्वतः जा.